दिसणारी चूक परवडते: जुन्या मराठी पुस्तकांसाठी ओसीआर निवडण्याचं एक प्रकरण

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय. 'तालुका अ' वर्गातलं, शंभरी ओलांडलेलं. कथा-कादंबऱ्यांची देवघेव रोज चालते, पण संस्थेची खरी श्रीमंती मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटांत आहे: १९०० ते १९४० या काळात छापलेली परिसराच्या इतिहासाची पुस्तकं, गावातूनच निघत असलेल्या एका मासिकाचे बांधीव खंड, कीर्तनाची आख्यानं आणि वाचनालयाचे स्वतःचे वार्षिक अहवाल. यातलं बरंचसं दुसऱ्या ग्रंथालयांच्या याद्यांत आम्हाला सापडलं नाही. दमट हवा, कसर आणि त्या काळचा आम्लयुक्त कागद यांमुळे पानं इतकी ठिसूळ झाली आहेत की उलटताना कोपरा बोटांत राहतो.

कार्यकारी मंडळाने ठरवलं की ही पुस्तकं स्कॅन करायची आणि नुसती चित्रं न ठेवता आतला मजकूर शोधता येईल असा करायचा. पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, यालाच ओसीआर म्हणतात. संगणकाची बाजू माझ्याकडे होती. बरोबर ग्रंथपाल ताई, आणि मुद्रितशोधनासाठी हायस्कुलातून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. जुन्या वळणाचं लेखन बाईंच्या डोळ्यांखालून आयुष्यभर गेलेलं आहे. हे पुढे फार कामाला आलं.

आधी हेतू, मग सॉफ्टवेअर

'कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. त्याआधीचा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता: मजकूर कशासाठी हवा? सचिवांना शोध हवा होता. गावाचं, माणसाचं, देवळाचं नाव टाकलं की पान समोर यावं. ग्रंथपाल ताईंच्या मनात दृष्टिहीन वाचक होते, ज्यांना स्क्रीन रीडरवर पुस्तक ऐकता येईल. मुंबईतल्या चाकरमान्यांकडून आणि परदेशात गेलेल्या काही कुटुंबांकडून आपल्या घराण्याबद्दल विचारणा येत असते. त्यांना उतारा हवा असतो आणि तो विश्वासाने कुटुंबाच्या वंशावळीत उतरवता आला पाहिजे. शिवाय इतिहासाच्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचा विचार होता.

ही चार वेगळी कामं आहेत. शोधाला एखादं अक्षर चुकलं तरी चालतं, कारण तेच नाव पुढच्या परिच्छेदात बरोबर वाचलं गेलेलं असतं. ऐकणाऱ्याला अर्धवट जोडाक्षरं कानाला टोचतात, पण अर्थ लागतो. वंशावळ आणि पुनर्मुद्रण यांना मात्र एकही चूक चालत नाही. 'अचूकता ९८ टक्के' असं ऐकलं की काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात जुन्या पुस्तकाच्या पानावर तीसेक ओळी आणि ओळीत पन्नासेक अक्षरं धरली तर पानाला दीड हजार अक्षरं होतात. दोन टक्के म्हणजे तीस चुका, ओळीमागे एक. दोनशे पानी पुस्तकात सहा हजार. त्या कोणीतरी माणसानेच शोधायच्या असतात. म्हणून किती चुका, याच्या जोडीला त्या कुठल्या जातीच्या, हे बघावं लागतं. या प्रकरणाचा सगळा निर्णय शेवटी त्यावरच फिरला.

हक्कांचा प्रश्न लवकर सुटला. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतात. निनावी लेखनाला प्रकाशनापासून ६०. ज्यांचं निधनवर्ष खात्रीने कळलं ती पुस्तकं पुढे घेतली. मासिकाच्या खंडांत प्रत्येक लेखकाचा वेगळा हिशोब लागतो, म्हणून ज्या लेखांचा निकाल लागला नाही ते स्कॅन करून फक्त संस्थेत पाहण्यापुरते ठेवले.

स्कॅनिंग: टिंब किती मोठं असतं?

पुस्तकं पालथी घालून दाबणं शक्यच नव्हतं, त्यामुळे घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर बाद झाला. गावातल्या सुताराकडून व्ही आकाराची लाकडी घडवंची करून घेतली, पुस्तक तिच्यात निम्मं उघडून ठेवायचं, वर कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे. मूळ चित्र रंगीत आणि न दाबता जपायचं, जेपेगमध्ये घट्ट आवळून ठेवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. पुढची आवराआवर स्कॅनटेलर या मोफत प्रोग्रॅममध्ये: जोडपान तोडणं, तिरकं पान सरळ करणं, मजकुराची चौकट आखणं, समास सारखे करणं.

ओसीआरसाठी ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरेसं असं सगळीकडे सांगितलं जातं. आधुनिक छपाईला ते लागूही पडतं. खिळ्यांच्या, म्हणजे एकेक सुटं धातूचं अक्षर जुळवून केलेल्या, छपाईचा हिशोब वेगळा आहे. मजकुराच्या टायपातलं अनुस्वाराचं टिंब सुमारे अर्ध्या मिलिमीटरचं असतं. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये जवळपास बारा ठिपके बसतात, म्हणजे पूर्ण उमटलेलं टिंब सहा ठिपके रुंद. खिळा झिजला असेल, शाई कमी लागली असेल तर तीन-चार. कागदावरच्या बुरशीचा ठिपकाही तेवढाच. ४०० डीपीआयला तेच झिजलेलं टिंब चार-पाच ठिपक्यांचं होतं आणि माणसाला, यंत्रालाही, दोन्हींत फरक करायला थोडी जागा मिळते. आम्ही ४०० वर थांबलो. ६०० केल्यावर फाइली फुगल्या आणि चाचणीत म्हणावा तसा फायदा दिसला नाही.

पर्याय

पर्यायांची यादी करायला फार वेळ लागला नाही. पैसे देऊन घ्यायच्या डेस्कटॉप पॅकेजांबद्दल एवढंच सांगतो की भाषांची यादी स्वतः उघडून वाचावी. 'शंभराहून अधिक भाषा' या वाक्यात मराठी असेलच असं नाही, आणि इंग्रजी किंवा युरोपीय भाषांवरचा निकाल देवनागरीला लागू होत नाही. गूगल ड्राइव्हमध्ये चित्र टाकून ते डॉक्समध्ये उघडलं की मजकूर निघतो. एखाद-दुसऱ्या पानासाठी ही सोय फार चांगली आहे. विकिस्रोत या मुक्त ग्रंथांच्या संकेतस्थळावर काम करणाऱ्यांना तिथेच ओसीआरचं बटण असतं आणि त्यामागे एकाहून जास्त इंजिनं, म्हणजे अक्षरं ओळखणारे प्रोग्रॅम, निवडता येतात.

टेसरॅक्ट हा खुला प्रोग्रॅम आमच्या संगणकावरच चालणारा. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ दरम्यान घडलेला, २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला. २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून तो न्यूरल नेटवर्कने अख्खी ओळ एकदम वाचतो. त्याआधी अक्षर अक्षर सुटं करून ओळखायचा. शिरोरेघेला टांगलेल्या आपल्या लिपीला हा बदल चांगलाच मानवला. मराठीसाठी त्याची वेगळी प्रशिक्षित फाइल आहे, हिंदी, संस्कृत, नेपाळीसाठी वेगळ्या. मराठी पानाला हिंदीची फाइल लावू नये. ळ, ऱ्य, ॲ ही अक्षरं हिंदी मजकुरात जवळजवळ येतच नाहीत. मध्येच संस्कृत श्लोक येत असतील तर मराठी आणि संस्कृत या दोन्ही फाइली एकत्र लावता येतात. आख्यानांच्या पुस्तकांना आम्ही तेच केलं.

याखेरीज पैसे घेऊन चालणारी एक ऑनलाइन सेवा चाचणीत घेतली. तिचं नाव इथे मुद्दाम देत नाही. अशा सेवांच्या आतलं इंजिन बाहेरच्याला न कळता बदलत असतं, त्यामुळे आमच्या चाचणीचा निकाल वाचणाऱ्याच्या हाती येईपर्यंत शिळा झालेला असू शकतो. मंडळातल्या एका तरुण सदस्याने तिसरा पर्याय सुचवला: पानाचा फोटो एआय चॅटबॉटला द्यायचा आणि 'यातला मजकूर उतरवून दे' म्हणायचं. तोही घेतला.

चाचणी

नमुन्याला मुद्दाम वेगवेगळ्या तऱ्हेची पानं काढली. स्वच्छ गद्य, डागाळलेलं गद्य, ओव्यांचं पान, बारीक टायपातल्या तळटिपा असलेलं पान, आणि वार्षिक अहवालातली देणगीदारांची यादी. बाईंनी ही पानं आधी हाताने टाइप केली, लेखन छापलंय तसंच ठेवून: 'कांहीं' ते 'कांहीं', 'नाहीं' ते 'नाहीं'. हे हाती नसताना केलेली तुलना म्हणजे डोळ्यांचा अंदाज आणि डोळा चुकीला फार लवकर सरावतो.

पहिल्या नजरेत निकाल सरळ होता. चॅटबॉटचा उतारा सगळ्यांत सुंदर. एका दमात वाचत जावं असा. ऑनलाइन सेवा त्याच्या खालोखाल. टेसरॅक्टच्या मजकुरात मात्र पावलोपावली ठेच: घ चा ध, भ चा म, ष चा प, ख चे झालेले र आणि व, द्ध उलटा पडून ध्द. मंडळातल्या बहुतेकांचं मत तिथेच पक्कं होत आलं.

बाई चॅटबॉटचा कागद हातात धरून मूळ पानाशी ओळीने ओळ लावत होत्या. गावातल्या पटकीच्या साथीच्या आठवणींचा लेख होता. छापील पानावर या धाटणीचं वाक्य होतं: 'मुलें आईबरोबर आजोळीं गेलीं होतीं. पावसाळा सरल्यावर तीं परत आलीं.' उताऱ्यात होतं: 'मुले आईबरोबर आजोळी गेली होती. पावसाळा सरल्यावर ती परत आली.'

"अहो, इथे मुलं परत आलीत," बाई म्हणाल्या. "तुमच्या कागदावर वाचणाऱ्याला वाटेल, आई एकटीच आली."

साथीच्या वर्षातलं वाक्य आहे. आजचा वाचक 'ती परत आली' एवढंच वाचून मुलं दगावली असं समजू शकतो, आणि ज्या घराण्याचा हा उल्लेख आहे त्यातला कोणी अमेरिकेतून उतारा मागवून घेईल तर ती समजूत वंशावळीत जाऊन बसेल. जुन्या लेखनात 'तीं' म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन, 'ती' म्हणजे एक स्त्री. 'तें' म्हणजे ती वस्तू, 'ते' म्हणजे ते पुरुष. टिंबात व्याकरण भरलेलं होतं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढले आणि बोलण्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण त्याआधीच्या पुस्तकातलं टिंब काढायचा अधिकार यंत्राला कोणी दिलेला नाही.

या चुकीचा खरा धोका असा की ती दिसत नाही. 'धर' वाचलं की कोणीही थांबतो आणि 'घर' करतो. 'ती परत आली' हे शुद्ध मराठी आहे. स्पेलचेकर त्याला लाल रेघ मारणार नाही, वाचकही अडखळणार नाही.

मग आम्ही चाचणीचा तक्ता नव्याने आखला. चुकांची एकूण संख्या मांडणं सोडलं आणि दोन रकाने केले: नुसता मजकूर वाचून लक्षात येणारी चूक, आणि मूळ पान शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात न येणारी चूक. दुसऱ्या रकान्यात गळलेली टिंबं, 'सुधारलेले' ऱ्हस्व-दीर्घ, जुन्या शब्दाच्या जागी आलेला ओळखीचा नवा शब्द, चुकलेले आकडे, आणि आख्खी गळलेली ओळ. या तक्त्यात क्रम उलटा झाला. चॅटबॉटचा पहिला रकाना जवळपास रिकामा आणि दुसरा गच्च. एका फाटक्या कोपऱ्यापाशी तर त्याने अंदाजाने वाक्य पुरं करून टाकलं होतं, जे पानावर नव्हतंच. टेसरॅक्टच्या चुका बहुतांश पहिल्या रकान्यात. बहुतांश म्हणतो, कारण 'भात' चा 'मात' झाला तर तोही शब्दच असतो. पण वाक्यात तो बसत नाही आणि वाचणारा अडतो.

टिंब कुठे गळतं?

टेसरॅक्टही टिंबं गाळत होता, कमी असली तरी. त्याचं कारण शोधण्यात बराच वेळ गेला आणि तो सार्थकी लागला, कारण कारणं दोन निघाली आणि दोन्हींवर इलाज वेगळा.

पहिलं कारण ओसीआरच्या आधीचं. पान काळं-पांढरं करताना स्कॅनटेलर बारीक ठिपके साफ करण्याची सोय देतो. इंग्रजी पुस्तकाला ती वरदान आहे. जुन्या मराठी पानावर ती बुरशीचे डाग काढते आणि जाता जाता अनुस्वारही पुसते. आम्ही एकच पान ती सोय चालू ठेवून आणि बंद करून काढलं, दोन्ही चित्रं पडद्यावर मोठी करून शेजारी ठेवली. 'त्यांनीं' मधलं दुसरं टिंब एका चित्रात होतं, दुसऱ्यात जागा कोरी. तेव्हापासून ठिपकेसफाई पूर्ण बंद. डाग राहिले तर राहू देत. नको तिथे आलेलं टिंब बाईंना दिसतं, गेलेलं टिंब दिसत नाही. काळं-पांढरं करण्याचं कामही नंतर स्कॅनटेलरकडून काढून घेतलं. करड्या छटेतलं पान थेट टेसरॅक्टला दिलं आणि त्याच्या पाचव्या आवृत्तीत आलेली सौवोला पद्धत लावली, जी पानाच्या प्रत्येक भागाचा उजेड वेगळा धरून कुठला ठिपका काळा, कुठला पांढरा याचा उंबरठा ठरवते. पिवळ्या, मध्ये उजळ आणि कडेला काळपट पडलेल्या पानांना तिचा गुण आला.

दुसरं कारण यंत्राच्या सवयीतलं. मराठीची तयार फाइल आजच्या मजकुरावर शिकलेली. चित्रात टिंब स्पष्ट असूनही 'घरांत' चं 'घरात' होतं, कारण तिने 'घरात' हजारदा पाहिलेलं असतं. फाइलीतली शब्दसूची बंद करायची सोय आहे. ती बंद केल्यावर थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो तिला आमच्या टायपावर पुन्हा शिकवल्यावर.

हे ऐकायला अवघड वाटतं, पण साध्या कष्टाचं काम आहे. ओळीचं चित्र आणि त्या ओळीचा जसाच्या तसा बिनचूक मजकूर अशा जोड्या लागतात. त्या आमच्याकडे आपोआप जमत होत्या, कारण बाई पानं तपासतच होत्या. आणखी एक अनुकूल गोष्ट म्हणजे आमची बरीच पुस्तकं एकाच छापखान्यात जुळलेली, तेच खिळे, तीच मोडकी शिरोरेघ. काही शे ओळी जमल्यावर टेसरॅक्टसोबत मिळणाऱ्या साधनांनी मूळ फाइलीला पुढचं प्रशिक्षण दिलं. इथे एक तांत्रिक गोष्ट माहीत असणं गरजेचं आहे: मराठीची फाइल 'फास्ट', 'बेस्ट' अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळते, आणि पुढचं प्रशिक्षण फक्त 'बेस्ट' वर देता येतं. फास्टमध्ये आकडे गोळाबेरीज करून साठवलेले असतात, तिला शिकवता येत नाही. पुष्कळ जण जी फाइल आपोआप बसते तीच वापरतात आणि इथे अडतात.

प्रशिक्षणानंतर 'तीं', 'तें', 'घरांत' टिंबासकट यायला लागले. घ-ध ची गल्लतही कमी झाली. नव्या छापखान्याचं पुस्तक घेतलं की मात्र सुधारणा निम्म्यावर येते आणि त्या टायपाच्या ओळी पुन्हा जमवाव्या लागतात.

निवड म्हणून टेसरॅक्टची झाली. पैसे वाचले हे आहेच, पण माझ्या लेखी त्याहून मोठं कारण असं की प्रत्येक पुस्तकासोबत आवृत्तीचा क्रमांक आणि वापरलेली फाइल जपून ठेवता येते. दहा वर्षांनी कोणी विचारलं की हा मजकूर कसा आला, तर तोच प्रयोग पुन्हा करून दाखवता येईल. ऑनलाइन सेवा सोडली नाही. तिचं काम बदललं. दोन्ही इंजिनांचे मजकूर एकमेकांशी ताडून जिथे मतभेद असेल तो शब्द रंगवायचा आणि तपासणाऱ्याच्या समोर ठेवायचा. दोन वेगळी इंजिनं सहसा एकाच जागी एकच चूक करत नाहीत, त्यामुळे रंगवलेले शब्द हे चुकांचे चांगले पत्ते ठरतात. अपवाद टिंबाचा. तिथे दोन्ही एकाच बाजूला घसरतात आणि रंग लागत नाही. चॅटबॉट मजकुरासाठी पूर्ण वर्ज्य केला; पानाखाली विषयाचे शब्द सुचवायला तो चालतो.

तपासणी

टिंबासाठी आम्ही जुन्या छापखान्यातली रीत परत आणली: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ पानावर बोट फिरवायचं. वाचणारा अनुस्वार मुद्दाम उच्चारतो, 'तीं, टिंब', 'आलीं, टिंब'. एकट्याने मनात वाचताना डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि टिंबावरून निसटतो. दोघांत ते होत नाही. प्रत्येक पानाचा दर्जा मराठी विकिस्रोतावरच्या रंगांप्रमाणे नोंदवला: यंत्रातून निघालेलं लाल, एकदा तपासलेलं पिवळं, दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलेलं हिरवं. आणि इथे आधीच्या चार कामांचा उपयोग झाला. सगळी पुस्तकं हिरवी करायची गरजच नाही. मासिकाचे खंड शोधापुरते लाल ठेवले, शोधात पान सापडलं की वाचणाऱ्यासमोर मजकुराऐवजी पानाचं चित्रच उघडतं. ऐकायच्या पुस्तकांना पिवळं पुरे. इतिहासाचं पुस्तक आणि बाहेर पाठवायचा प्रत्येक उतारा हिरवाच.

ग्रंथपाल ताईंना एक अडचण शोधाच्या वेळी आली. 'दुसऱ्या' टाकलं तर काही पानं येतात, काही येत नाहीत, डोळ्यांना मात्र शब्द तोच. याचं मूळ यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, आहे. या शब्दातला, रफारासारखा न दिसणारा आडवा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे 'झेडडब्ल्यूजे' हे न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' सारखेच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. कोणी कुठला कीबोर्ड वापरतं त्यावर हे ठरतं. तसंच 'ॲ' चं. हे स्वतंत्र अक्षर यूनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने अ वर चंद्र देऊन लिहिणारे अजून पुष्कळ. साठवण्याआधी सगळा मजकूर एका छोट्या स्क्रिप्टमधून काढून एकच रूप करायचं, एवढा इलाज पुरला. ओसीआरच्या ऱ्य कडे तरीही वेगळं लक्ष ठेवावं लागतं. 'दऱ्या' चं 'दर्या' झालं तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि कोकणच्या इतिहासात दोन्ही शब्द कुठेही शोभून दिसतात.

शोधासाठी आणखी एक सोय केली. साठवलेला मजकूर टिंबासकट जसाच्या तसा, पण शोधाची अनुक्रमणी टिंब काढून. त्यामुळे आजच्या लेखनाची सवय असलेल्या मुलाने 'काही' टाकलं तरी 'कांहीं' सापडतं. मूळ शाबूत आणि वाचकालाही जुनी लेखनपद्धती शिकण्याची सक्ती नाही.

जे यंत्राला दिलं नाही

देणगीदारांच्या याद्या हाताने टाइप केल्या. रुपये, आणे, पै असे तीन अरुंद रकाने, मध्ये रेघा, कुठे ठिपक्यांची माळ. टेसरॅक्ट ओळ आडवी वाचता वाचता रकाने मिसळतो. त्यातही आकड्याला संदर्भ नसतो. '५' चा '४' झाला तर वाचणाऱ्याला कळायचा मार्ग एकच, खालची बेरीज. बाईंनी प्रत्येक यादीची बेरीज करून पाहिली आणि जिथे ती छापील बेरजेशी जुळली नाही तिथे मूळ छपाईतलीच चूक असल्याची टीप टाकली.

ओव्यांच्या पानाला 'एकसंध मजकुराचा ठोकळा' हा मांडणीचा पर्याय दिला की ओव्यांचे आकडे ओळीत राहतात; आपोआप मांडणी ओळखायला सोडलं तर आकड्यांचा वेगळा स्तंभ होऊन पानाच्या शेवटी जातो. तळटिपांचा भाग कापून वेगळं चित्र केलं. मोडीतली काही पानं जुन्या खंडांत शिवलेली सापडली. ती फक्त चित्र म्हणून ठेवली असून मोडी वाचणारं माणूस मिळेपर्यंत पानाखाली 'मोडी, वाचन बाकी' एवढी नोंद आहे.

आमचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये असंही सांगायला हवं. तुमची पुस्तकं १९७० नंतरची, ऑफसेटवर स्वच्छ छापलेली असतील तर टिंबाचा हा सगळा खटाटोप लागणार नाही. कुठलंही बरं इंजिन चांगला मजकूर देईल आणि निवड किंमत आणि सोयीवर करता येईल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या डीटीपीच्या पीडीएफ फाइली असतील तर त्यांनाही ओसीआरच लावावं. त्यातला मजकूर दिसतो देवनागरी, पण कॉपी केला की जुन्या फॉन्टच्या सांकेतिक चिन्हांचा गोंधळ हाती येतो. पानाचं चित्र करून पुन्हा वाचून घेणं हा बहुतेक वेळा सर्वांत लहान रस्ता असतो.

सध्या इतिहासाचं पुस्तक शेवटच्या प्रकरणापर्यंत हिरवं झालं आहे. साथीच्या लेखाचा खरा उतारा घराण्याकडे गेला, पानाच्या चित्रासह. पुढचं काम मासिकाच्या १९३०च्या दशकातल्या खंडांचं. ते दुसऱ्या छापखान्यात जुळलेले आहेत, टायप अधिक बारीक आहे, आणि बाईंनी त्याच्या पहिल्या ओळी टाइप करायला घेतल्या आहेत.